पानात काजू नाही

आधी माफी मागतो. कुणाबद्दल काही लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. वडील मुंबईला एका गोदामात कामाला आहेत, आई राजापूरच्या आतल्या बाजूला आमच्या गावी भात आणि नाचणी करते. लहानपणापासून आईच्या वतीने वडिलांना पत्र लिहिणं, एवढाच माझा लेखनाचा अनुभव. त्यात सगळे ठीक आहेत, तांबडी गाय व्याली, छपरावर नवी कौलं घातली, असं असायचं. तेव्हा या लेखात मध्येच कुठे 'सगळे ठीक आहेत' असा सूर लागला तर तो सवयीने लागला असं समजावं.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांचं नाव मी देत नाही. त्यांना ते आवडलंही नसतं. कुणी ओळख करून द्यायला लागलं की ते मध्येच तोडून म्हणत, "नाव राहू द्या. काय बाधतं ते सांगा."

रत्नागिरीला मी बी. ए.ला होतो तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात संध्याकाळी वाढप्याचं काम करत होतो. तिथे ते मॅनेजर होते. त्याआधी सगळी हयात त्यांनी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती, म्हणून आम्ही त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायचो. निवृत्त झाल्यावर आमच्या शेठनी, म्हणजे हॉटेलच्या मालकांनी, त्यांना मुद्दाम बोलावून गल्ल्याशेजारी बसवलं. हिशेब असा, की ह्यांच्या ओळखीने ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला येतील. ते आले. पण साहेबांनी हॉटेलचंच स्टँड केलं, हे शेठच्या हिशेबात नव्हतं.

टेबलांना ते फलाट म्हणत. "फलाट तीनवर दोन मच्छी थाळी लागलेल्या आहेत!" खिशात शिट्टी असे. भात संपत आला की "भात शेवटच्या थांब्यावर आहे" अशी घोषणा होई, आणि नवीन गिऱ्हाईक आपली बॅग सावरत उठून उभं राही. त्याला वाटे, आपलीच गाडी लागली.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. शिक्षण, गाव, काही विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय बाधतं तुला?"

मला वाटलं, नखरे करणारा मुलगा नको असणार. मी लगेच म्हटलं, "काही नाही सर. मला काहीही चालतं."

ते खुर्चीत मागे रेलले. "काहीही चालतं म्हणणारा माणूस धोक्याचा. दुसऱ्याला चालत नाही हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही." मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तू घाबरट दिसतोस. चालेल."

त्यांना स्वतःला काजू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही. काजूचा कण पोटात गेला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या आणि घसा आतून बंद व्हायला लागायचा. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणत, साहेब वावडं म्हणत. आता रत्नागिरीत जन्म घ्यायचा, दारात काजूची झाडं, चुलते काजूचे व्यापारी, आणि काजूचं वावडं! लहानपणी घरच्यांनी त्याला नखरे ठरवलं. मोठेपणी लोक म्हणायचे, "अहो, एकाने काय होतंय? आमचा काजू गावठी आहे, तो नाही बाधत."

त्यांच्या लग्नाची गोष्ट ते स्वतःच सांगत. पंगतीत नवरीने नाव घेऊन त्यांना काजूच्या वडीचा घास भरवला. साऱ्या मांडवासमोर नाही कसं म्हणणार? घास गिळला आणि नवरदेव पाटावरून आडवे झाले. त्या दिवशी गावातल्या सुईच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. पण सासुरवाडीत शेवटपर्यंत एकच चर्चा होती, की जावई लग्नाला घाबरून पडला. "तिला विचारलंत तर ती अजून म्हणेल, मला बघून पडले," असं साहेब सांगत, आणि तेवढ्यापुरते थोडे लाजत.

तेव्हापासून त्यांनी परक्याच्या हातचं खाणं सोडलं. हॉटेलात मॅनेजर असूनही दुपारी आपला डबा उघडत. त्यात गार भात, गार आमटी आणि एक लिंबाची फोड. लग्न असो, बारसं असो, ते आहेराचं पाकीट देऊन दारातूनच परत फिरत. अपवाद फक्त तीर्थप्रसादाचा. देवळात हातावर येणार ते साखरफुटाणे, नाहीतर खोबऱ्याचा तुकडा. त्याला नाही म्हणायची सवयच त्यांच्या हाताला नव्हती.

आणि असा हा माणूस नोकरीला कुठे होता? तर जिथे भिंतीवर रंगवलं होतं, 'येथे सर्व भाज्यांत अस्सल काजू वापरला जातो.' शेठना त्या ओळीचा फार अभिमान होता. काजूची उसळ तर होतीच, पण पनीरच्या रश्श्यात काजूचं वाटण, पुलावात काजू, पाहुणा मानाचा असला तर साध्या वरणावरही चार काजू तळून. साहेबांचं म्हणणं एवढंच, की त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहा: 'ज्यांना बाधतो त्यांनी आधी सांगावे.' शेठ म्हणत, "साहेब, आपण जेवण विकतो. औषध विकत नाही. गिऱ्हाईक घाबरवू नका."

ओळ लिहिली गेली नाही. मग साहेबांनी आम्हाला शिकवायला घेतलं.

दर सोमवारी दुपारची जेवणं आटोपली की शिट्टी व्हायची. मी, बाळ्या आणि काकी, असे आम्ही तिघे भटारखान्यात रांगेत उभे राहायचो. बाळ्या हेदवीकडचा, माझ्यासारखाच वाढपी, तोंडाने फटकळ. काकी म्हणजे आमच्या आचारीणबाई. हातात झारा घेऊनच रांगेत उभ्या राहत, आणि साहेबांच्या प्रत्येक वाक्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार असे.

पहिला धडा प्रश्नाचा. ताट मांडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, "काही वावडं?" हे ऐकायला सोपं आहे. पण लोकांना या प्रश्नाची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी एका लांज्याच्या गृहस्थांनी मला सांगितलं, "मला सासुरवाडीचं वावडं आहे. वाढणार आहेस काय?" एक आजीबाई म्हणाल्या, "शनिवारी मला सगळंच वावडं, पण आज सोमवार." एका पेन्शनर गृहस्थांनी दुधी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा असं बरंच काही सांगितलं आणि शेवटी आपल्या मोठ्या सुनेच्या हातच्या पोळ्याही त्यात घातल्या. मी आत येऊन ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

साहेब म्हणाले, "त्यांना दुधी आवडत नाही, बाधत नाही. नावड असली की तोंड वाकडं होतं. वावडं असलं की तोंड सुजतं. जा, परत विचारून ये, वाकडं होतं का सुजतं."

मी खरंच विचारायला गेलो. पेन्शनर माझ्यावर रागावले, पण दुधी मुकाट्याने जेवले.

दुसरा धडा होता ताटाचा. ज्याला काही बाधतं त्याचं ताट विनाथांबा. म्हणजे त्याच्यासाठी कढई वेगळी, पळी वेगळी, मिक्सरचं भांडं घासलेलं, आणि ताट भटारखान्यातून निघालं की थेट त्याच्यासमोर. मध्ये कुणाच्या टेबलावर टेकवायचं नाही, दुसऱ्या ताटावरून वाटी उचलून त्यात ठेवायची नाही. ते नेणाऱ्याने ओरडायचं, "विनाथांबा!" आणि इतरांनी वाट द्यायची.

काकींना हे पटत नव्हतं. "काय ओ साहेब, एवढं कशाला? काजू नको असेल तर वरचे काजू काढून देत्ये की. एकेक वेचून काढत्ये. माझी नजर अजून शाबूत आहे."

साहेब डोळे मिटून घेत. "काकी, काढून चालत नाही. एसटीतून प्रवासी उतरला तरी त्याचं सामान टपावर राहतं. तसं आहे ते. काजू उतरला, पण त्याचं सामान रश्श्यात राहिलं."

"काजूचं कसलं सामान मेलं!" असं म्हणून काकी कढईत झारा आपटत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

तिसरा धडा सगळ्यात अवघड. कुणाला खरोखर बाधलंच तर काय करायचं? आमच्याकडे अंगावर गांधी उठल्या की पहिली धाव आमसुलाच्या बरणीकडे. आमसूल पाण्यात कोळायचं, अंगाला चोळायचं, थोडं प्यायला द्यायचं, आणि माणसाला अंगणात फिरवून आणायचं. साहेबांनी बरणीवर चिठ्ठी चिकटवली होती: 'आमसूल नंतर. रिक्षा आधी.' पडलेल्याला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. श्वास घेता येत असेल तर आडवं करून पाय उंच ठेवायचे. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. हे काम माझं. पाय ठेवायला तुपाचा रिकामा डबा नेमून दिला होता. बाळ्याने रिक्षा आणायची. काकींनी, त्याने जे खाल्लं त्याचा नमुना डब्यात घालून बरोबर घ्यायचा, म्हणजे डॉक्टरांना शोधत बसायला नको. आणि गल्ल्यावरून शेठनी डॉक्टरांना फोन करायचा, "इंजेक्शन काढून ठेवा." शेठनी ही नेमणूक कधीच स्वीकारली नाही.

डॉक्टर पलीकडच्या आळीतले. त्या दवाखान्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन ठेवलं होतं ते साहेबांच्या छळामुळे. दर महिन्याच्या सुरुवातीला ते तिथे जात. पेशंट बसलेले असत, हे सरळ आत जाऊन म्हणत, "दाखवा बघू." डॉक्टर फ्रिजवरच्या कपाटातून इंजेक्शन काढून दाखवत. साहेब त्यावरची तारीख वाचत, मान हलवत, आणि आजारी नातेवाइकाला भेटून निघावं तसे हळू पावलांनी बाहेर येत.

धड्यांनंतर परीक्षा. मे महिन्यातल्या एका दुपारी गळ्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर माकडटोपी घातलेला एक गृहस्थ घामाने निथळत फलाट दोनवर येऊन बसला. बाळ्या पाणी घेऊन गेला.

"काय हो, ह्या पनीरमध्ये काजू असतो का?" गृहस्थाने पुण्याच्या सुरात विचारलं.

"साहेब, तुम्हाला माहीतच आहे," बाळ्या म्हणाला.

"मी साहेब नाही. मी पुण्याचा प्रवासी आहे."

"मग माकडटोपी काढा. पुण्याला एवढी थंडी नसते."

प्रवाशाने त्याचे मार्क तिथल्या तिथे कापले. मग घसा धरून, खुर्ची हळूच बाजूला सारून, कपडे मळणार नाहीत अशी जागा बघून तो खाली पडला. बाळ्या गडबडीत आमसुलाची बरणी घेऊन धावला. जमिनीवरून एक डोळा उघडला. "नापास!"

अशा परीक्षा होत राहिल्या. साहेब भाजीवाला होऊन पडले, भाविक होऊन पडले, एकदा डोक्यावर पदर घेऊन पडले. आम्ही सुधारत गेलो. रिक्षावाल्यांनाही कळलं होतं. बाळ्या धावत आला की ते विचारत, "आज काय होऊन पडले?"

एकदा मात्र खऱ्या गिऱ्हाइकानेच परीक्षा घेतली. चिपळूणला निघालेल्या एका बाईंनी 'काही वावडं?' म्हटल्यावर हळू आवाजात सांगितलं, की त्यांना कोळंबी चालत नाही, पण असं सांगितलं की लोक हसतात. मी हसलो नाही. आत जाऊन ओरडलो, "विनाथांबा!" काकींनी कुरकुरत का होईना, वेगळ्या कढईत भाजी टाकली. बाई जेवल्या. त्या निघाल्यावर साहेबही उठले आणि त्यांच्या मागून स्टँडवर गेले. बाई खिडकीशी बसल्या, गाडी सुटली, वळणावरून दिसेनाशी झाली, तोवर ते फलाटावर उभे होते. परत येऊन म्हणाले, "गाडी सुखरूप गेली." त्यांचा आवाज त्या वेळी वेगळाच लागला होता, असं मला वाटलं. कदाचित माझा भास असेल.

मग तो कोल्हापूरकरांचा प्रसंग झाला. गणपतीपुळ्याला जाणारी एक मोठी मंडळी आमच्याकडे जेवायला उतरली होती, आणि साहेब नेमके त्याच दिवशी फलाट एकवर हातपाय झाडत पडले. "विषबाधा!" असं कुणीतरी ओरडलं आणि ती सगळी मंडळी उष्ट्या हातांनी गाडीत जाऊन बसली. बिलासाठी बाळ्या गाडीमागे धावला तो चौकापर्यंत.

त्या संध्याकाळी शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, तुम्ही वयाने मोठे. पण आता सांगतो. आणखी एकदा माझ्या हॉटेलात पडलात, तर दुसऱ्या दिवसापासून घरी पडायचं. ही नोकरी संपली समजायचं."

साहेबांनी मफलर घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. आम्हाला वाईट वाटलं. त्यांना नोकरीची गरज पैशांपेक्षा आमच्यासाठी होती. उभ्या आयुष्यात त्यांचं म्हणणं रांगेत उभं राहून ऐकणारे आम्ही तिघेच होतो. त्यातल्याही काकी उलट बोलायच्या.

त्यानंतर सोमवार येत होता, धडेही होत होते, पण साहेब पडत नव्हते. आणि मग श्रावणात काकींच्या घरी सत्यनारायण झाला.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसाठी प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक, शेठ गल्ल्यावर वर्तमानपत्र वाचत होते. काकींनी प्रत्येकाच्या हातावर शिरा ठेवला. साहेबांच्या वाटणीचा एका छोट्या डब्यात वेगळा आणला होता. साहेबांनी चपला काढल्या, उजवा हात पुढे केला, शिरा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

थोड्या वेळाने ते खुर्चीतून उठले, दोन पावलं चालले आणि फलाट एकसमोर खाली कोसळले.

आमच्या दोघांच्या मनात एकच आलं. साहेबांनी परीक्षा घेतली! शेठसमोर! नोकरीवर पाणी सोडून!

बाळ्या माझ्या कानात म्हणाला, "आज चूक झाली ना, तर ह्यांची नोकरी फुकट गेली असं होईल. पळ!" आणि तो रिक्षासाठी सुटला. इतका वेगात तो कोल्हापूरकरांमागेही धावला नव्हता.

मी साहेबांना आडवं केलं, पाय तुपाच्या डब्यावर ठेवले, शर्टाचं वरचं बटण सोडलं. पाणी दिलं नाही. कुणीतरी भलं गिऱ्हाईक पेला घेऊन आलं, त्याला मी हात जोडले. साहेबांचे ओठ सुजले होते, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. मी मनात म्हटलं, या वेळी तयारी फारच चांगली केली आहे.

शेठ गल्ल्यावरून ओरडले, "उठा! साहेब, उठा म्हणतो! काय सांगितलं होतं मी?"

"शेठ, फोन," मी म्हटलं.

"मी तुमच्या नाटकात नाही!"

नमुना घ्यायचं काम काकींचं. त्या डबा घेऊन पुढे आल्या, काय खाल्लं म्हणून इकडेतिकडे बघायला लागल्या, आणि मग त्यांची नजर हातातल्या डब्यावर पडली. तो साहेबांच्या शिऱ्याचाच डबा होता. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"काढले होते रे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी म्हणून एकेक काजू वेचून काढले होते. देवासमोर बसून काढले होते."

हे त्या इतक्या हळू बोलल्या की मला आधी कळलंच नाही. मग त्या वळल्या आणि शेठवर गरजल्या, "फोन लावा ओ मेल्यांनो! हे खरं आहे! ह्यांनी खरंच खाल्लान!"

शेठनी रिसीव्हर उचलला. त्यांनी फोन लावला तो एसटीच्या चौकशीला. तोच नंबर त्यांना पाठ होता. "राजापूर गाडी लागलेली आहे," पलीकडून आवाज आला. शेठ रडवेल्या सुरात म्हणाले, "इंजेक्शन काढून ठेवा!" पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. मग मी भिंतीवर लिहिलेला डॉक्टरांचा नंबर ओरडून वाचला आणि शेठनी दुसऱ्यांदा बरोबर लावला.

रिक्षा दारात आलीच होती. रिक्षावाल्याने सवयीने विचारलं, "आज काय होऊन पडले?" बाळ्याही हसायच्या बेतात होता. काकींचं तोंड बघून दोघे आत धावले. आम्ही साहेबांना आडवं धरून रिक्षात घातलं. पलीकडची आळी त्या दिवशी मला राजापूरएवढी लांब वाटली.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवरच सुई घेऊन उभे होते. त्यांनी ती तिथेच, रिक्षात, साहेबांच्या मांडीत टोचली. मग आत नेलं, पुढे मोठ्या दवाखान्यातही हलवलं. पण डॉक्टर म्हणाले, जे काही व्हायचं होतं ते त्या रिक्षातच झालं. आणखी थोडा उशीर, थोडं आमसूल, थोडं अंगणात फिरवणं झालं असतं, तर सुईचा उपयोग नव्हता.

साहेबांना बोलता यायला लागलं तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती होतो. शेठही होते. काकी अजून तो डबा पोटाशी धरून होत्या. साहेबांनी डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "नमुना आणलात?"

काकींनी डबा पुढे केला आणि मोठ्याने रडायला लागल्या. "साहेब, माझ्या हाताने... मी काढले होते ओ..."

"काकी, रडू नका. प्रसाद होता. प्रसादाला कोण विचारतं, काय घातलंय म्हणून? मी तरी कुठे विचारलं? अभ्यासक्रमातच चूक होती." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "आता कळलं ना, सामान टपावर राहतं म्हणजे काय?"

काकींनी मान हलवली. काकींना साहेबांपुढे मान हलवताना मी प्रथमच बघत होतो.

साहेबांनी शेठकडे पाहिलं. "शेठ, पडलो खरा. पण हे पडणं धरायचं का?"

शेठ म्हणाले, "नोकरीचं राहू द्या हो. आधी मला सांगा, माझ्या फोनला मार्क किती?"

"पहिल्या फोनला शून्य," साहेब म्हणाले.

शेठनी दुसऱ्याच आठवड्यात पेंटर बोलावला. भिंतीवरच्या अभिमानाच्या ओळीखाली साहेबांची ओळ आली, तीही लाल रंगात. शेठ नवीन मुसलमानासारखे... नाही, असं लिहू नये. शेठ नवशिक्यासारखे सगळ्यांच्या पुढे गेले, एवढंच म्हणतो. चहावाल्याला विचारत, पोस्टमनला विचारत, वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला तर त्यालाही विचारत, "काही वावडं?"

आणि काकींनी बाजारातून एक नवी कढई आणली. तिला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. साहेब कामावर परतले त्या दिवशी डबा उघडायला लागले, तेवढ्यात भटारखान्यातून काकींचाच आवाज आला, "विनाथांबा!" आम्ही सगळे बाजूला झालो. काकी स्वतः ताट घेऊन आल्या. वाफाळता भात आणि कुळथाचं पिठलं. बस.

साहेब बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. लग्नानंतर परक्या हातचं गरम जेवण त्यांच्यासमोर आलं नव्हतं. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, पण त्यांची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. साहेबांनी एक घास घेतला. आम्ही सगळे त्यांचे ओठ बघत होतो. दुसरा घास घेतला. ताट संपवलं. मग खिशातून शिट्टी काढून एकदा वाजवली.

"मीठ कमी होतं," ते म्हणाले.

"उद्या घालत्ये," काकी म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पदवी झाल्यावर मी दापोलीला एका रोपवाटिकेत कामाला लागलो. बाहेरून एम. ए. करतो आहे. आमच्याकडे काजूची कलमं तयार होतात. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. मग म्हणाले, "मला भेटायला येशील तेव्हा हात धुऊन ये." मी सुट्टीत गेलो की आधी स्टँडवरच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत असे आणि मगच पाया पडत असे.

गेल्या वर्षी जाणं जमलं नाही. परीक्षा होती, मग कलमांचा हंगाम होता. बाळ्याने रोपवाटिकेत फोन केला होता, पण तो निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही. शेवटी महिन्याभराने बाळ्याच दापोलीच्या स्टँडवर उतरला आणि मला शोधत आला. त्याने आधी तोंड धुतलं, चहा घेतला, मग सांगितलं. साहेब झोपेतच गेले. काजूचा काही संबंध नव्हता. त्यांच्या पत्नी येईल-जाईल त्याला हेच सांगत होत्या, "काजूने नाही हो गेले. सांगा सगळ्यांना." तेवढं ऐकून मला थोडं हसूही आलं आणि मग बसवेना.

बाळ्या पुढे सांगत होता: दहाव्याला नदीकाठी पिंडाजवळ जेवणाचं पान ठेवलं, तर कावळा शिवेना. साहेबांचा मुलगा म्हणाला, आईला मी सांभाळीन. कावळा फांदीवरच. शेठ पुढे होऊन म्हणाले, भिंतीवरची ओळ मी हयात असेपर्यंत पुसणार नाही. कावळ्याने मान फिरवली. ऊन चढायला लागलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू.

बायका तिथे जात नाहीत. पण पानातला स्वयंपाक काकींनी केला होता आणि त्या वरच्या रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांना कोण अडवणार? त्या तरातरा खाली उतरून आल्या आणि फांदीकडे बघून ओरडल्या, "साहेब, पानात काजू नाय ओ! कढई आपली तीच, पळी वेगळी, वाटेत कुठं टेकवलं नाय! विनाथांबा आहे!"

कावळा खाली उतरला.

"लगेच नाही शिवला," बाळ्या मला म्हणाला. "आधी पानाभोवती एक फेरी मारलीन. नीट बघितलान. मग चोच लावलीन."